सॉलोमन शेख्टर : फाटक्या कागदांचा संशोधक

प्राचीन संस्कृतींचा शोध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मातीची टेकाडे, खणलेले खड्डे, खापरे आणि कुदळी येतात. प्रस्तुत घटकात ज्यांचे चरित्र आपण अभ्यासणार आहोत, त्या सॉलोमन शेख्टर यांनी आयुष्यात एकही उत्खनन केले नाही. ते तालमूदचे पंडित होते. तालमूद म्हणजे ज्यू धर्मनियमांवर अनेक पिढ्यांतील आचार्यांनी केलेल्या चर्चेचा विशाल संग्रह. अशा ग्रंथांत रमणारा हा माणूस वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कैरोतील एका जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, शिडी लावून एका अंधाऱ्या खोलीत उतरला आणि तेथून कागदांच्या व चर्मपत्रांच्या सुमारे १,९३,००० तुकड्यांचा साठा इंग्लंडला घेऊन आला. हे चरित्र वाचताना एक प्रश्न मनात असू द्यावा : शेख्टर तेथे काय शोधण्यासाठी गेले होते आणि त्यांच्या हाती प्रत्यक्षात काय लागले?

फोक्शानी ते केंब्रिज

शेख्टर यांचा जन्म १८४७ साली फोक्शानी या गावी झाला. हे गाव तेव्हा मोल्डाव्हियात होते. आज ते रुमानियात आहे. वडील आयझॅक हे धर्मनियमांप्रमाणे पशुवध करणारे होते आणि कुटुंबाचे आडनाव या व्यवसायावरूनच आलेले आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे आडनाव थांबून पाहण्यासारखे वाटेल. त्यातील धातू हिब्रू आहे, अर्थ पशुवधाचा, आणि त्याला जोडलेला कर्तृवाचक प्रत्यय मात्र जर्मन वळणाचा. पूर्व युरोपातील ज्यूंची यिडिश भाषा अशाच मिश्रणातून घडली. सॉलोमन यांना इस्राएल नावाचा एक जुळा भाऊ होता. हा भाऊ १८८२ साली पॅलेस्टाईनमध्ये झिख्रोन याकोव्ह या वसाहतीत जाऊन स्थायिक झाला. पुढे आपल्या कथेत तो पुन्हा थोडा वेळ भेटेल.

मुलाचे शिक्षण घरापासूनच धर्मग्रंथांत झाले. तरुणपणी तो प्रथम लेंबर्गला, म्हणजे आजच्या युक्रेनमधील ल्विव येथे, आणि १८७५ मध्ये व्हिएन्नाला गेला. व्हिएन्नात मेयर फ्रीडमन या गुरूंकडून शेख्टर यांना जे मिळाले, ते आयुष्यभर पुरले. जुना ग्रंथ श्रद्धेने वाचणे त्यांना ठाऊक होते. तो ग्रंथ आपल्या हाती कोणत्या वाटेने आला, कोणत्या लेखकुने कोठे चूक केली, कोणत्या छापखान्याने काय गाळले, हे तपासण्याची शिस्त त्यांना येथे लागली. हिलाच आपण पाठचिकित्सा म्हणतो. १८७९ पासून तीन वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये अध्ययन केले. तेथे क्लॉड माँटेफिओरे या सधन इंग्रज ज्यू तरुणाशी परिचय झाला आणि त्याचे शिक्षक म्हणून १८८२ मध्ये ते लंडनला आले.

लंडनला येण्यामागे आणखी एक ओढ होती. ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय येथे हिब्रू हस्तलिखितांचे मोठे संग्रह होते. पूर्व युरोपातील पाठशाळांत ज्या ग्रंथांच्या केवळ छापील प्रती मिळत, त्यांची जुनी हस्तलिखिते येथे पाहता येत होती. १८८७ मध्ये शेख्टर यांनी ‘आवोत द रब्बी नातान’ या प्राचीन ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या दोन भिन्न संहिता त्यांनी पानावर शेजारी शेजारी छापल्या. एकच शुद्ध संहिता बनवण्याचा मोह त्यांनी टाळला, ही गोष्ट मला त्या आवृत्तीत सर्वांत मोलाची वाटते. त्याच वर्षी माथिल्डे रोथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९० मध्ये केंब्रिज विद्यापीठात तालमूदचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि दोन वर्षांनी त्यांना प्रपाठकपद मिळाले.

केंब्रिजमध्ये ते परकेच होते. तांबूस दाढी, अस्ताव्यस्त कपडे, मोठा आवाज, वादात तापणे आणि लगेच निवळणे, अशी त्यांची मूर्ती त्या शांत विद्यापीठनगरीत उठून दिसे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांच्याशी त्यांचा दाट स्नेह जमला.

हरवलेला ग्रंथ

इसवी सनापूर्वी सुमारे १८० च्या आसपास जेरुसलेममध्ये बेन सिरा नावाच्या विद्वानाने नीतिपर वचनांचा एक ग्रंथ हिब्रूत लिहिला. पुढे त्याच्या नातवाने इजिप्तमध्ये त्याचे ग्रीक भाषांतर केले. ज्यू परंपरेने हा ग्रंथ पवित्र ग्रंथांच्या यादीत घेतला नाही. ख्रिस्ती परंपरेने ग्रीक भाषांतर जपले. परिणामी भाषांतर टिकले आणि मूळ हरवले. तालमूदमध्ये त्यातील काही वचने उद्धृत होती, दहाव्या शतकातील सादिया गाओन या आचार्यांपुढे मूळ ग्रंथ होता असे दिसते, आणि त्यानंतर मात्र त्याचा माग लागत नव्हता.

या ग्रंथाला एवढे महत्त्व का, असे आपण विचाराल. कारण भाषेच्या इतिहासात दडलेले आहे. बायबलच्या जुन्या करारातील कोणता भाग केव्हा लिहिला गेला यावर एकोणिसाव्या शतकात तीव्र वाद चालू होता. भाषेच्या रूपावरून काळ ठरवायचा तर ज्याचा काळ निश्चित ठाऊक आहे असा एक तरी हिब्रू ग्रंथ हाताशी हवा, आणि बेन सिराचा काळ निश्चित होता. ऑक्सफर्डचे अरबीचे प्राध्यापक डेव्हिड मार्गोलियुथ यांनी १८९० मध्ये भाषांतरांवरून मूळ हिब्रू ग्रंथाचे रूप कसे असेल याचा तर्क बांधला होता. शेख्टर यांना तो तर्क मुळीच मान्य नव्हता. पण पुरावा कोणाजवळच नव्हता.

पुरावा आला तो अनपेक्षित हातांतून. ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटलंडच्या जुळ्या बहिणी, दोघीही सधन विधवा, केंब्रिजमध्ये राहत. ग्रीक, अरबी, सिरियाक, हिब्रू या भाषा त्यांनी स्वतःच्या चिकाटीने आत्मसात केल्या होत्या. १८९२ मध्ये सिनाई पर्वतावरील मठात त्यांना सिरियाक भाषेतील शुभवर्तमानांचे अतिप्राचीन हस्तलिखित सापडले होते. ज्या विद्यापीठाच्या गावात हे सारे घडत होते, ते विद्यापीठ मात्र तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हते, आणि पुढेही १९४८ पर्यंत त्याने ती दिली नाही. १८९६ च्या वसंतात या बहिणी पूर्वेकडील प्रवासातून हस्तलिखितांची काही पाने विकत घेऊन परतल्या. मे महिन्यात रस्त्यात भेटलेल्या शेख्टर यांना श्रीमती लुईस यांनी ती पाहून जाण्यास सुचवले. शेख्टर आले, जेवणाच्या टेबलावर मांडलेली पाने पाहू लागले आणि एका मळकट पानापाशी थबकले. ते पान घेऊन ते तडक विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि थोड्याच वेळात बहिणींना त्यांचा निरोप आला. बेन सिराच्या ग्रंथातील एकोणचाळिसाव्या अध्यायाचा उत्तरार्ध आणि चाळिसाव्याचा आरंभ, हिब्रूत, त्यांच्या हाती आला होता.

फुस्तातची खोली

त्या सुमारास इजिप्तमधून अशी पाने हळूहळू बाजारात येत होती. ऑक्सफर्डला याच ग्रंथाची आणखी नऊ पाने मिळाली. पानांचा उगम फुस्तात येथे असावा असे शेख्टर यांनी ताडले. वाचकांनी येथे क्षणभर नकाशा उघडावा. फुस्तात हे अरबांनी सातव्या शतकात इजिप्त जिंकल्यावर नाईल नदीच्या काठी वसवलेले शहर. आज तो कैरोचा जुना भाग आहे. तेथील बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक ‘गेनिझा’ होती.

ज्यू प्रथेनुसार ज्या लेखनात देवाचे नाव आहे ते जीर्ण झाले तरी जाळायचे अथवा फेकायचे नाही. ते बाजूला ठेवून काही काळाने दफनभूमीत पुरतात. अशा ठेवण्याच्या जागेला गेनिझा म्हणतात. फुस्तातमध्ये दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. पुरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झालेच नाही आणि हिब्रू लिपीत लिहिलेला कोणताही कागद, त्यात देवाचे नाव असो वा नसो, तेथेच टाकण्याची रीत पडली. म्हणून प्रार्थनापोथ्यांच्या शेजारी विवाहाचे करार, व्यापाऱ्यांचे हिशेब, मुलांनी गिरवलेली अक्षरे आणि भावाने भावाला लिहिलेली पत्रे शेकडो वर्षे साचत गेली. इजिप्तच्या कोरड्या हवेने बाकीचे काम केले.

सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर हे स्वतः हिब्रूचे जाणकार होते. त्यांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि डिसेंबर १८९६ मध्ये शेख्टर कैरोला निघाले. तेथील प्रमुख धर्मगुरू आरोन बेन शिमोन यांनी त्यांना स्वतः सिनेगॉगमध्ये नेले आणि हवे ते नेण्याची मोकळीक दिली. स्त्रियांच्या सज्जाच्या टोकाला, भिंतीत उंचावर ठेवलेल्या एका भोकातून शिडीने त्या खोलीत उतरावे लागे. तिला दार नव्हते, खिडकी नव्हती. आत कागद, चर्मपत्रे, फाटक्या पोथ्या एकमेकांत रुतलेल्या, काही चिकटून गोळा झालेल्या. हात लावताच शतकांची धूळ उसळे. शेख्टर आठवडेच्या आठवडे तेथे राबले. धुळीने त्यांचा घसा आणि फुप्फुसे बिघडली, प्रकृती पुढे कधीच पूर्ववत झाली नाही. कामाला लावलेले मदतनीस पदोपदी बक्षीस मागत, तेही द्यावे लागे. छापील पाने त्यांना नको होती. छपाईनंतरच्या काळात त्यांना रस नव्हता. हस्तलिखिते मात्र त्यांनी निवड न करता पोत्यांत भरली. तेथे बसून प्रत्येक तुकडा तपासणे शक्यच नव्हते. माझ्या मते शेख्टर यांचा सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो बराचसा निरुपायाने घेतलेला होता. ते काम आटोपून ते पॅलेस्टाईनमध्ये आपल्या जुळ्या भावाला भेटले आणि १८९७ च्या वसंतात केंब्रिजला परतले.

या प्रसंगाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी पाहिली पाहिजे. इजिप्त तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. एका समाजाची हजार वर्षांची दप्तरे एका धर्मगुरूच्या अनुमतीवर दुसऱ्या खंडात गेली. ती तेथेच राहिली असती तर दलालांच्या हातून तुकड्यातुकड्याने विकली गेली असती, असे म्हणता येते आणि त्यात तथ्यही आहे; सिनेगॉगची १८९० च्या सुमारास पुनर्बांधणी झाली तेव्हापासून ती गळती चालूच होती. तरी कैरोतील सामान्य ज्यू माणसाला आपल्या पूर्वजांच्या कागदांचे काय व्हावे हे कोणी विचारले नाही, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो समाजच कैरोतून जवळजवळ नाहीसा झाला.

भाषेचे एक कोडे

गेनिझातील व्यवहाराच्या कागदांची लिपी हिब्रू असली तरी त्यांतील बहुतेकांची भाषा अरबी आहे. मराठी देवनागरीत लिहिली काय किंवा मोडीत लिहिली काय, ती मराठीच राहते, तसेच हे. देशोदेशी पांगलेला ज्यू समाज जेथे गेला तेथील भाषा त्याने आपली केली आणि तिला आपल्या गरजेप्रमाणे वळण दिले. जर्मन प्रदेशांत यिडिश झाली, स्पेनमधून हद्दपार झालेल्यांनी आपली स्पॅनिश सोबत नेली, कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी झाली. हा समाज आपल्या सिनेगॉगला मराठीत मशीद म्हणत असे, हे बहुधा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. शब्द शेजाऱ्याचा, अर्थ आपला, ही पांगलेल्या समाजांच्या भाषांची नेहमीची रीत आहे. फुस्तातचा व्यापारी पत्राचा मजकूर बोलीच्या जवळ जाणाऱ्या अरबीत लिही आणि मधूनच आशीर्वादासाठी हिब्रूत शिरे. अभिजात अरबी ग्रंथांत त्या काळची बोलभाषा क्वचितच डोकावते; येथे ती हजारो कागदांवर उतरलेली आहे.

केंब्रिजच्या पेट्या

ग्रंथालयातील एका खोलीत शेख्टर यांनी तुकड्यांची वर्गवारी सुरू केली. अंगात लांब झगा, नाकातोंडावर धूळ अडवणारे आवरण, समोर वाणसामानाच्या रिकाम्या पेट्या, आणि त्यांवर विषयवार चिठ्ठ्या : बायबल, तालमूद, तत्त्वज्ञान, इतिहास. तुकड्यांच्या ढिगाऱ्यात डोक्याला हात लावून बसलेले त्यांचे त्या काळातील छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८९८ मध्ये हा संग्रह टेलर आणि शेख्टर यांच्या नावाने विद्यापीठाला अर्पण करण्यात आला.

१८९९ मध्ये त्या दोघांनी मिळून बेन सिराच्या सापडलेल्या हिब्रू पानांची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मार्गोलियुथ यांनी उलट हल्ला चढवला. ही पाने मूळ ग्रंथाची नाहीतच, कोणीतरी मध्ययुगात फारसीवरून उलट भाषांतर केलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बाजूनेही काही होते : एका हस्तलिखिताच्या समासात फारसी टीप होती, आणि पाने मुळाच्या हजार वर्षांनंतरची होती. शेख्टर यांच्याजवळ भाषेची जाण होती, तालमूदमधील उद्धरणे होती, युक्तिवाद होते. शंकेला जागा राहूच नये असा पुरावा नव्हता. पुढची कित्येक दशके विद्वानांत याविषयी दोन तट राहिले.

१९०२ साली शेख्टर न्यूयॉर्क येथील ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी या संस्थेचे प्रमुख होऊन अमेरिकेत गेले. पूर्व युरोपातून तेव्हा लाखो ज्यू तेथे येत होते. परंपरा आणि आधुनिक ज्ञान यांची सांगड घालणारे धर्मगुरू त्यांना हवे होते आणि ते घडवण्यात शेख्टर यांची अखेरची तेरा वर्षे गेली. संस्था वाढली, त्यांचे लेखन मात्र मंदावले. तरीही १९१० मध्ये त्यांनी गेनिझातीलच आणखी एक विलक्षण ग्रंथ प्रसिद्ध केला. जेरुसलेमच्या मंदिरातील पुरोहितांशी फारकत घेतलेल्या एका अज्ञात पंथाचे नियम त्यात होते. हस्तलिखिते दहाव्या आणि बाराव्या शतकांतील, पण मजकूर ख्रिस्तपूर्व काळातील पंथाचा, असे त्यांचे मत. अनेकांना ते पटले नाही. १९ नोव्हेंबर १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे दोन्ही मोठे निष्कर्ष वादग्रस्त होते.

कुदळीची साक्ष

१९४७ पासून मृत समुद्राच्या काठावरील कुमरानच्या गुहांतून दोन हजार वर्षांपूर्वीची चर्मपत्रे बाहेर येऊ लागली. त्या पंथनियमांच्या ग्रंथाचे तुकडे त्यांत एकाहून अधिक गुहांत मिळाले. मध्ययुगीन कागदावरून शेख्टर यांनी ज्या पंथाचे अस्तित्व ताडले होते, त्याचे ग्रंथ आता त्या पंथाच्याच काळातील चर्मपत्रांवर समोर आले.

बेन सिराचा निकाल १९६४ मध्ये लागला. मृत समुद्रालगतच्या मसादा या दुर्गावर यिगाएल यादीन उत्खनन करीत होते. रोमन सैन्याने इसवी सन ७३ किंवा ७४ मध्ये हा दुर्ग जिंकला, तेव्हा आत जे होते ते ढिगाऱ्याखाली गाडले गेले. तेथे एका चर्मगुंडाळीचे तुकडे मिळाले : बेन सिरा, हिब्रू, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील अक्षरवळण. त्यातील मजकुराचा आरंभ एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस होतो, म्हणजे केंब्रिजच्या जेवणाच्या टेबलावरील त्या मळकट पानावरचाच काही भाग येथे होता. दोन्ही संहिता ताडून पाहता गेनिझातील प्रतीत लेखकुंच्या चुका आणि मागाहूनचे फेरफार आढळले. पण ती मूळ हिब्रूचीच वारस होती, फारसीवरून केलेले भाषांतर नव्हती. शेख्टर यांना जाऊन तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. शेख्टर ग्रंथ शोधायला गेले होते. हिशेब, पावत्या, खाजगी पत्रे यांचे मोल त्यांना अजिबात कळले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; त्यांनी त्यांचा उल्लेख केला आहे. परंतु त्यांचा वेळ आणि दृष्टी ग्रंथांकडे होती. बिनमहत्त्वाचे वाटलेले असंख्य तुकडे पेट्यांत बंद होऊन ग्रंथालयात पडून राहिले. १९५० च्या दशकात त्या पेट्या उघडून पाहणाऱ्यांत जर्मनीत जन्मलेले अरबीचे अभ्यासक श्लोमो डोव्ह गोइटाइन हे प्रमुख होते. त्यांनी नंतरची तीन दशके या कागदांना दिली आणि त्यांतून मध्ययुगीन भूमध्यसागरी समाजाचे पाच खंडांचे चित्र उभे केले : मजुरी किती, घरभाडे किती, घटस्फोट कसा होई, अनाथ मुलांना कोण शिकवी.

त्या कागदांत भारतही आहे. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडील ज्यू व्यापारी ११३२ मध्ये मंगळूरला होता आणि ११४९ पर्यंत त्याचे वास्तव्य मलबार किनाऱ्यावर होते. तेथे तो मिरी आणि लोखंड पाठवी, एडनहून आलेली फुटकी तांब्या-पितळेची भांडी वितळवून नवी घडवून घेई. आशू नावाच्या एका दासीला त्याने मंगळूरमध्ये मुक्त केले, त्याचा लेख उपलब्ध आहे. बोम्मा नावाचा त्याचा स्थानिक सेवक मालकाच्या वतीने समुद्रापार व्यवहार करी आणि एडनचे प्रतिष्ठित व्यापारी पत्रांत त्याला सलाम कळवीत. कोणत्याही राजाच्या ताम्रपटात ज्याचे नाव येण्याचे कारण नव्हते असा हा माणूस फुस्तातच्या रद्दीमुळे आज आपल्याला नावाने ठाऊक आहे.

याच गेनिझातील एक पत्र तांबड्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऐधाब बंदरातून डेव्हिड बेन मायमोन याने थोरल्या भावाला लिहिलेले आहे. हा थोरला भाऊ म्हणजे मध्ययुगातील सर्वश्रेष्ठ ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस. ते फुस्तातलाच राहत. काफिल्यापासून सुटून वाळवंट कसे पार केले हे डेव्हिड सांगतो, बाजारात निळीखेरीज घेण्याजोगे काही नाही म्हणून आता भारताकडे जहाजाने निघतो असे कळवतो, आणि पत्नीला धीर देण्याची विनंती करतो. तो हिंदी महासागरात बुडाला. मायमोनिडीस त्यानंतर सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. पत्र घरी पोहोचले होते, केव्हातरी ते गेनिझात पडले आणि आज ते केंब्रिजला आहे.